गायक बसलेला, कॅमेरा उभा: पोझ आणि कोनाचा प्रयोग कसा आखायचा

माझा विषय 'संगीत मासिकांमधली छायाचित्रं' आहे असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे फोटो काढायचे? त्यात संशोधन काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. पेट पास होऊन सारांश लिहायला बसलेल्या कितीतरी जणांची हीच अडचण असते. विषय आवडीचा असतो, काम हाताशी असतं, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा तेच सापडत नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेते आणि शेवटपर्यंत नेते. संगीत मासिकाच्या मुखपृष्ठासाठी कलावंताला कसं बसवायचं आणि कॅमेरा कुठं ठेवायचा, एवढाच मामला. कलावंत मात्र आपल्या वऱ्हाडातला घेऊ: खंजिरीवर भजन म्हणणारा.

खंजिरीच का, तर अमरावती जिल्ह्यात खंजिरी म्हटलं की डोळ्यांसमोर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज येतात. 1909 साली यावलीला जन्म, 1968 साली मोझरीला देह ठेवला. पण हातात खंजिरी घेतलेली त्यांची प्रतिमा आजही गावोगावी भिंतींवर, भजनी मंडळांच्या फलकांवर, दिनदर्शिकांवर आहे. म्हणजे इथल्या माणसाच्या डोक्यात 'गाणारा माणूस कसा दिसतो' याचा एक साचा आधीच तयार आहे. तो न्यूयॉर्कच्या मासिकातून आलेला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आधी बाहेर काय झालंय ते बघू. 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक 9 नोव्हेंबर 1967 चा. मुखपृष्ठावर जॉन लेनन होता, एका सिनेमातल्या सैनिकाच्या वेषात. तेव्हापासून 2009 पर्यंतची मुखपृष्ठं घेऊन एरिन हॅटन आणि मेरी नेल ट्रॉटनर या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2011 मध्ये एक अभ्यास छापला. हजाराहून जास्त प्रतिमा त्यांनी तपासल्या. कपडे किती, तोंड कसं, शरीर उभं की आडवं, स्पर्श कुणाचा कुणाला, अशा खुणांना गुण दिले, बेरीज केली आणि किती प्रतिमांमध्ये माणसाचं लैंगिक वस्तूकरण झालंय ते मोजलं. 1960 च्या दशकात पुरुषांच्या 11 टक्के आणि स्त्रियांच्या 44 टक्के प्रतिमा त्या गटात बसत होत्या. 2000 च्या दशकात पुरुषांचा आकडा 17 झाला आणि स्त्रियांचा 83.

'मासिकात बायकांना वाईट दाखवतात' हे वाक्य चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतं. या दोघींनी त्याचं मोजता येईल असं रूप केलं. संशोधनाची पहिली पायरी हीच. मत असतं, त्याच्या खुणा ठरवायच्या, आणि त्या खुणा तुमच्याशिवाय दुसऱ्या माणसालाही दिसतात का ते तपासायचं.

आता पोझ आणि कोन यांच्याबद्दल जे सिद्धांत तुम्हाला वाचावेच लागतील, ते पटकन सांगते. अर्व्हिंग गॉफमनने 1970 च्या दशकात जाहिरातींतले फोटो घेऊन दाखवलं की मान कलती करणं, गुडघा दुमडणं, वस्तूला नुसतं बोटांनी स्पर्श करणं या पोझ बायकांच्या वाट्याला येतात, आणि वस्तू घट्ट धरणं, सरळ उभं राहणं पुरुषांच्या. गुंथर क्रेस आणि थिओ व्हॅन लीउवेन यांनी 1996 च्या पुस्तकात चित्र वाचायचं जवळजवळ व्याकरणच मांडलं. चित्रातला माणूस थेट तुमच्याकडे बघत असेल तर तो तुमच्याकडे काही मागतोय. दुसरीकडे बघत असेल तर तो स्वतःला तुमच्यापुढं फक्त ठेवतोय. कॅमेरा खालून असेल तर अधिकार चित्रातल्या माणसाकडे, वरून असेल तर बघणाऱ्याकडे, नजरेच्या पातळीवर असेल तर दोघं बरोबरीचे. समोरून काढला तर 'हा आपला', बाजूने काढला तर 'हा परका'.

तिसरं एक माप आहे, मला ते फार आवडतं कारण त्याला फूटपट्टी पुरते. डेन आर्चर आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये मांडलेलं 'चेहरा प्रमाण'. डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर भागिले डोक्याच्या टोकापासून फोटोत दिसणाऱ्या शरीराच्या शेवटच्या टोकापर्यंतचं अंतर. फक्त चेहरा दिसला तर उत्तर 1, पूर्ण शरीर दिसलं तर फार लहान. अमेरिकी नियतकालिकांत त्यांना पुरुषांचं सरासरी प्रमाण 0.65 आणि स्त्रियांचं 0.45 मिळालं. म्हणजे पुरुष म्हणजे डोकं, बाई म्हणजे अंग.

इथपर्यंत सगळं छान. हे सिद्धांत घ्यायचे, दहा मासिकं घ्यायची, तक्ते भरायचे, प्रबंध तयार. पण आपल्याकडचा गायक बसलेला असतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

जरा हिशेब करू. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 75 सेंटिमीटरवर असतात. उभ्या फोटोग्राफरचा कॅमेरा साधारण 150 वर. फरक 75 सेंटिमीटर. दोघांत 2 मीटर अंतर असेल तर कॅमेरा सुमारे 20 अंशांनी खाली बघतो. 5 मीटर अंतर असेल तर फक्त साडेआठ अंश. म्हणजे घरगुती बैठकीत कुणीतरी उभ्याने काढलेला प्रत्येक फोटो 'वरून' असतो. व्याकरणाप्रमाणे अधिकार बघणाऱ्याकडे. आता तोच गायक 90 सेंटिमीटर उंच रंगमंचावर बसवा. डोळे 165 सेंटिमीटरवर गेले. पुढच्या भारतीय बैठकीत बसून, 3 मीटरवरून, 75 सेंटिमीटर उंचीवरून फोटो काढला तर कॅमेरा सुमारे 17 अंशांनी वर बघतो. आता अधिकार गायकाकडे!

गायक तोच, राग तोच, फोटोग्राफरही तोच. मग या कोनातून मासिकाची विचारसरणी वाचायची की सुतारानं बांधलेल्या रंगमंचाची उंची? जुन्या अंकांचा अभ्यास करणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला आधी विचारायला हवा. मिरजेच्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' घ्या किंवा कुठल्याही संगीत महोत्सवाची स्मरणिका घ्या, मैफलीतले फोटो आणि मुद्दाम बसवून काढलेले फोटो एका ढिगात टाकून कोन मोजू नका. मैफलीत कोन बहुतेक वेळा जागेनं ठरवलेला असतो. बसवून काढलेल्या फोटोत तो कुणीतरी निवडलेला असतो. अर्थ निवडीचा लावता येतो. नाइलाजाचा अर्थ लावायला गेलात तर आरआरसीसमोर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

चेहरा प्रमाणाचंही तेच. मांडी घातलेल्या गायकाची डोक्यापासून सतरंजीपर्यंतची उंची 88 सेंटिमीटर धरा, चेहरा 22. प्रमाण 0.25. आता सतारवादक आणि गायक यांची तुलना केलीत तर वाद्य दाखवण्यासाठी सतारवादकाचा फोटो नेहमीच जास्त खालपर्यंत जाणार. वादकांमध्ये पुरुष जास्त आणि गायकांमध्ये बायका जास्त असतील तर निष्कर्ष उलटासुद्धा निघेल, आणि त्याचा लिंगभावाशी काही संबंध नसेल. म्हणून तुलना गायक-गायिकांमध्येच करायची, वाद्य हातात असलेले वेगळे काढायचे. साधी गोष्ट आहे, पण तक्ता भरायच्या आधी सुचली पाहिजे.

आता मला सगळ्यात रंजक वाटतं ते सांगते. पोझवरचे आपले म्हणून जे नियम आहेत ते कुणी वाचतच नाही. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गायकाचे 25 दोष दिलेत. काही आवाजाचे आणि तालाचे आहेत, पण बरेचसे चक्क दिसण्याचे! दात आवळून गाणारा तो संदष्ट. तोंड भयंकर वासणारा कराली. उंटासारखी मान करणारा करभ. गाल भोपळ्यासारखे फुगवणारा तुंबकी. मान वाकडी करणारा वक्री. अंग पसरून गाणारा प्रसारी. आणि डोळे मिटून गाणारा तो निमीलक, तोही दोषच.

आता कुठलंही संगीत मासिक उघडा. फोटोग्राफरला सगळ्यात प्रिय क्षण कोणता? डोळे मिटलेले, मान कललेली, हात हवेत पसरलेला. म्हणजे एकाच फोटोत निमीलक, वक्री आणि प्रसारी. साडेसातशे वर्षांपूर्वी जे टाळायला सांगितलं होतं तेच आज 'तल्लीनता' म्हणून मुखपृष्ठावर येतं. हा बदल कधी झाला, कॅमेऱ्यामुळे झाला की त्याआधीच झाला होता, हा प्रबंधाचा विषय आहे. कुणाला घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, मी घेतलेला नाही. मॅट राहेम या अमेरिकी संशोधकाचं 2012 चं पुस्तक मात्र आधी वाचा. तो स्वतः हिंदुस्थानी गाणं शिकला आहे. गाताना होणारे हातवारे म्हणजे गळ्याला चिकटलेली सजावट नाही, सूर जसा फिरतो तसाच हातही फिरतो आणि ही देहबोली गुरूकडून शिष्याकडे जाते, हे त्याने फार नेटकं दाखवलंय.

यातून प्रयोगासाठी एक कडक नियम निघतो. गायकाला 'गाण्याची पोझ द्या' म्हणायचं नाही. न गाता उघडलेलं तोंड आणि गाताना उघडलेलं तोंड यातला फरक गावातल्या पोरालाही कळतो. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्यातले, जन्म 1920 चा. 'कट्यार काळजात घुसली'तले त्यांचे खाँसाहेब आठवा. तिथं अभिनय आणि गाणं एकत्र होतं, पण गाणं खरंच चालू होतं. म्हणून आपण गायकाला गाऊ द्यायचं आणि गाताना फोटो घ्यायचे.

पण मग नियंत्रण कसं राहणार? गाताना चेहरा क्षणाक्षणाला बदलतो. शंभर फोटोंतून मी माझ्या सिद्धांताला सोयीचा एक उचलला तर? त्यावर उपाय असा: निवडीचा नियम फोटो काढण्याआधी वहीत लिहून ठेवायचा. उदाहरणार्थ, 'तिसऱ्या कडव्यानंतर समेवर घेतलेला, डोळे उघडे असलेला आणि स्पष्ट आलेला पहिला फोटो'. खंजिरीवर सम हाताला कळते, ऐकून क्लिक करता येतं. खंजिरीचा हात वेगाने फिरतो. 1/125 सेकंदाला तो पुसट येतो, 1/500 ला गोठतो. दोन्ही चालतील, पण सगळ्या फोटोंना एकच वेग ठेवा, नाहीतर बघणारा कोनाला नाही, त्या पुसट हाताला उत्तर देईल.

आता प्रयोगाची मांडणी. सगळं एकदम बदलायचा मोह होतो: तीन उंच्या, दोन नजरा, चार पोझ, दोन लेन्स. गुणाकार करा, 48 झाले, आणि एक गायक 48 वेळा तोच अभंग म्हणणार नाही. आधी पोझ एकच ठेवू, मांडी घालून खंजिरी छातीजवळ. बदलायचं ते फक्त कॅमेऱ्याची उंची (वरून, बरोबरीने, खालून) आणि नजर (लेन्सकडे, लेन्सच्या बाजूला). तीन गुणिले दोन, सहा प्रकार. सहा गायक घेतले तर 36 फोटो.

हे 36 च्या 36 एकाच माणसाला दाखवायचे नाहीत. एकाच बुवांचे सहा फोटो लागोपाठ बघितले की चौथ्या फोटोला तो म्हणेल, "हं, तुम्ही कॅमेरा वरखाली करून राह्यले, तेच पाहायचं आहे न?" संपलं. म्हणून सहा संच करायचे. प्रत्येक संचात सहाही गायक एकेकदा आणि सहाही प्रकार एकेकदा येतात, फक्त जोड्या संचागणिक सरकत जातात. याला लॅटिन चौकोन म्हणतात. सुडोकू सोडवता येत असेल तर हा कागदावर दहा मिनिटांत होतो. बघणाऱ्यांची संख्या सहाच्या पटीत ठेवली की प्रत्येक संच सारख्याच माणसांनी बघितलेला राहतो.

कोनाचं गणित पुन्हा करू, कारण इथंच प्रत्यक्ष जागा आडवी येते. गायकाच्या डोळ्यांपासून कॅमेऱ्यापर्यंत 2 मीटर सुतळी धरायची आणि कॅमेरा वरखाली करतानाही सुतळी ताणलेलीच ठेवायची, म्हणजे चेहऱ्याचा आकार बदलत नाही. 20 अंश खालून घ्यायचं तर कॅमेरा 68 सेंटिमीटर उतरवावा लागतो. 75 वजा 68, राहिले 7 सेंटिमीटर. तिथं ट्रायपॉड बसत नाही. गायकाला चौरंगावर बसवता येईल, पण चौरंग फ्रेममध्ये दिसला की बघणाऱ्याला पूजा आठवते, आणि मग आपण कोन मोजतोय की चौरंग, सांगता येत नाही. 15 अंश ठरवले तर फरक 52 सेंटिमीटर येतो. खालचा कॅमेरा 23 वर, वरचा 127 वर. जमतं. म्हणून 15.

अंतराचं एवढं का लावून धरते? मोबाइलने 1 मीटरवरून फोटो काढून बघा. खंजिरी चेहऱ्याच्या 40 सेंटिमीटर पुढं असेल तर ती कॅमेऱ्यापासून 60 वर आहे, म्हणून चेहऱ्याच्या तुलनेत 1.67 पट मोठी दिसते. 3 मीटरवर गेलात तर 1.15 पट. लोक म्हणतात लेन्समुळे वाद्य मोठं आलं. ते लेन्समुळे येत नाही, अंतरामुळे येतं. मुखपृष्ठाला मोठी खंजिरी झकास दिसते हे खरं. पण प्रयोगात ती तिसरीच गोष्ट होऊन बसते.

आणखी एक चोर आहे: पार्श्वभूमी. ओसरीवर वरून फोटो घेतला की मागं सतरंजी आणि शेणानं सारवलेली जमीन येते. खालून घेतला की टिनाचे पत्रे, पंखा आणि ट्यूबलाइट. लोकांना खालचा फोटो 'शहरी' किंवा 'गरीब' वाटला तर तो कोनामुळे की पत्र्यामुळे? उपाय स्वस्तातला आहे. एकरंगी मांजरपाटाचा मोठा तुकडा मागून लावून गायकाच्या खालपर्यंत सोडायचा, म्हणजे वर-खाली कुठूनही बघितलं तरी कापडच दिसतं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत काम उरका. नंतर अकोल्याचं ऊन ओसरीत शिरतं, फेट्याची सावली डोळ्यांवर पडते आणि वरचा-खालचा फोटो उजेडानेही वेगळा होतो.

बघणाऱ्यांना काय विचारायचं, हे सगळ्यात अवघड. इंग्रजी प्रश्नावलीतलं 'पॉवर' मराठीत आणताना 'सत्ता' लिहिलं तर लोक आमदार शोधतात. 'अधिकार' म्हटलं तर तहसीलदार. मी आधी पाचपन्नास लोकांशी नुसत्या गप्पा मारून शब्द गोळा करायच्या मताची आहे. आमच्याकडे बुजुर्ग गायकाबद्दल 'माणसात वजन आहे' म्हणतात, 'मान आहे' म्हणतात, 'दरारा' मात्र गायकाबद्दल क्वचितच. प्रश्न त्या शब्दांत विचारा: या माणसात वजन वाटतं का, याच्या शेजारी बसावंसं वाटतं का, हा गाणं किती वर्षांपासून म्हणत असेल. तिसरा प्रश्न निरागस वाटतो, पण उत्तर आकड्यात येतं आणि मान किती दिला ते त्यातून कळतं.

जुन्या मासिकांतल्या फोटोंचं कोडिंग करत असाल तर दोन जणांनी स्वतंत्रपणे करा आणि नुसती 'जुळणी 80 टक्के' असं लिहून मोकळे होऊ नका. समजा 50 फोटोंत 'डोळे मिटलेले आहेत का' बघायचंय. दोघांनीही 40 वेळा 'हो' म्हटलं. 35 वेळा दोघांचं 'हो' जुळलं, 5 वेळा 'नाही' जुळलं, 10 वेळा फाटाफूट. जुळणी 0.80. पण दोघंही डोळे झाकून पाचातल्या चारांना 'हो' म्हणत गेले असते तरी योगायोगाने 0.64 अधिक 0.04, म्हणजे 0.68 जुळणी झालीच असती. कोहेनचा कप्पा हा योगायोग वजा करतो: 0.80 वजा 0.68 भागिले 0.32, उत्तर 0.375. ऐंशी टक्क्यांचा रुबाब गेला. याचा अर्थ खुणेची व्याख्या पुन्हा लिहायची. अर्धवट मिटलेले डोळे कुठं टाकायचे, हे ठरलेलं नव्हतं.

आता 'थेट नजर म्हणजे मागणी' या नियमाकडे परत येते, कारण माझा खरा वाद तिथं आहे. भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्या बाईंना मी जरा तिरकं बसायला सांगत होते, एक खांदा पुढं, दुसरा हात फ्रेमबाहेर. त्यांनी सरळ नकार दिला. पदर डोक्यावरून नीट घेतला, समोर तोंड केलं, दोन्ही हात मांडीवर आणले आणि म्हणाल्या, "काहून वं पोरी, एकच हात काहून घेतं? लोक म्हनतीन बुढीले एकच हात हाय." हसू आलं, पण त्या जे बोलल्या त्यावर पुस्तकं आहेत. ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागद्यात फोटो स्टुडिओंचा अभ्यास केला, पुस्तक 1997 चं. तिथल्या गिऱ्हाइकांना 'मी जसा आहे तसा' फोटो नको असतो, आहे त्याहून चांगला यावा असं वाटतं. स्टुडिओ ही आपलं रूप घडवायची जागा असते. आणि समोरून, पूर्ण, दोन्ही डोळे दिसतील असं बघणं म्हणजे काय, हे डायना एक यांनी 1981 मध्ये 'दर्शन' या एका शब्दावर पुस्तक लिहून सांगितलं. आपण मूर्तीकडे बघतो आणि मूर्ती आपल्याकडे बघते.

मग खंजिरी घेऊन समोर बघणारा गायक बघणाऱ्याकडे काही मागतो, की दर्शन देतो? मागणी म्हटली तर बघणाऱ्याला उत्तर द्यायची जबाबदारी वाटेल. दर्शन म्हटलं तर तो हात जोडेल आणि अंतर ठेवेल. वरच्या प्रयोगातल्या 'शेजारी बसावंसं वाटतं का' या प्रश्नाचं काम आता लक्षात आलं असेल. थेट नजरेने जवळीक वाढली तर क्रेस आणि व्हॅन लीउवेन यांचं व्याकरण इथंही चालतं. वजन वाढून जवळीक कमी झाली तर आपल्याकडे दुसरंच व्याकरण आहे. दोन सिद्धांतांनी एकाच फोटोबद्दल वेगळं भाकीत करावं, आणि एका प्रश्नाच्या उत्तराने त्यांच्यात निवाडा व्हावा, असा प्रसंग सापडला की समजा विषय मिळाला. नुसतं 'वऱ्हाडातील संगीतविषयक छायाचित्रांचा चिकित्सक अभ्यास' यात तो प्रसंग नाही.

उंचीच्या नियमालाही अपवाद शोधून ठेवा. 8 डिसेंबर 1980 ला ॲनी लीबोविट्झने लेनन आणि योको ओनो यांचा फोटो काढला. तो विवस्त्र, गर्भातल्या बाळासारखा तिला बिलगलेला, ती पूर्ण कपड्यांत. काही तासांनी लेननची हत्या झाली आणि 22 जानेवारी 1981 च्या 'रोलिंग स्टोन'वर तो छापला गेला. पुरुष आडवा, उघडा, वरून टिपलेला. गॉफमनच्या तक्त्यात सगळ्या 'दुबळ्या' खुणा त्याच्या बाजूला. तरी 2005 मध्ये अमेरिकी मासिक-संपादकांच्या संघटनेने मागच्या 40 वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून तेच निवडलं. त्यात कुणाला लेनन लहान झाला असं वाटत नाही. खुणा मोजल्याने अर्थ आपोआप मिळत नाही, हे त्या एका फोटोत दिसतं.

शेवटी परवानगी. हा मुद्दा लोक नैतिकता समितीच्या अर्जापुरता ठेवतात. मॉडेल पैसे घेऊन येतो, करार करतो, पोझ देतो. भजनी मंडळातला माणूस प्रेमाने बसतो, चहा पाजतो आणि 'घे माय, काढ' म्हणतो. ते 'काढ' म्हणजे प्रयोगासाठी 15 अंश वरून काढलेला आणि मुद्दाम कमी वजनाचा दिसणारा फोटो अनोळखी लोकांना दाखवायची परवानगी नाही. म्हणून संमतीपत्र वऱ्हाडीत वाचून दाखवायचं. 'यातले काही फोटो तुम्हाला चांगले दाखवणार नाहीत, तेच तपासायचं आहे,' हे आधी सांगायचं. सहाही फोटो त्यांच्यासमोर ठेवून नको असलेला काढून टाकायची मुभा द्यायची. एखादा फोटो गेला की लॅटिन चौकोनात भोक पडतं, हे खरं. त्यासाठी सहाऐवजी आठ गायकांशी आधीच बोलून ठेवा. आणि मुखपृष्ठासाठी कुठला फोटो वापरायचा, हे त्या गायकालाच निवडू द्या. त्याने निवडलेला आणि बघणाऱ्यांनी सगळ्यात जास्त गुण दिलेला फोटो एकच असतो का, हा तक्त्यातला आणखी एक रकाना, आणि तो भरायला खर्च काहीच येत नाही.